कौसल्येच्या बागा

लालबाग,
१७ ऑक्टोबर १९५५

कौसल्या,

वर आशीर्वाद लिहायचा की नाही ते ठरेना. तेवढी जागा कोरी सोडली आहे.

तुझं नागपूरचं पत्र मिळालं. पोस्टमन आला तेव्हा तुझे बाबा गिरणीत होते म्हणून निभावलं. यापुढे लिहायचंच असेल तर तळमजल्यावरच्या कमळाबाईंच्या नावावर लिही. त्या हॉस्पिटलात आया आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

लग्न करून तुम्ही दोघं पाया पडायला आलात आणि दार उघडलं नाही, ते तू लिहिलंस. बाबांवर राग नाही, असंही लिहिलंस. तुझे बाबा कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. त्यांच्यापुढे माझं काय चालतं? तो विषय पुन्हा काढू नकोस.

तो मुलगा नायगावचा, आंबेडकरांच्या समाजातला, आणि आपण देवगडकडचे मराठे. त्यावर चाळीने चार महिने बोलून घेतलं. मला आता नवीन काही बोलायचं उरलेलं नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. टायपिंगच्या क्लासला जाते म्हणून तू दोन वर्षं घरातून निघत होतीस. आता लिहितेस की क्लास तीनच महिने केला, नंतर तुम्ही बागांत जाऊन बसायचात. मी खानावळीच्या अकरा माणसांचं जेवण आवरून तुझं ताट झाकून ठेवायचे. पोरगी शिकून येते, दमत असेल, म्हणून माशाचा मधला तुकडा बाजूला काढायचे.

आणि वर त्या बागांची नावं लिहून पाठवलीस, तीर्थाला जाऊन आल्यासारखी. 'आई, तू एकदा जाऊन बघ, मग मला काय ते बोल.'

म्हणून गेले. गेल्या गुरुवारी दुपारची भांडी घासून झाल्यावर कमळाबाईंना बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि भायखळ्याला राणीच्या बागेत गेले. काय एवढं होतं तिथे, ज्यासाठी आईशी खोटं बोलावं लागलं, ते बघायला गेले.

तू पाच वर्षांची असताना तुला तिथे नेलं होतं. हत्ती बघून तू रडलीस आणि आपण परत आलो. तेव्हा पिंजरेच बघितले होते. या वेळी मी झाडांच्या बाजूने गेले. कौसल्या, मी कोकणातली. झाडं मला नवीन नाहीत. पण तिथे एक झाड आहे, त्याचा बुंधा आपल्या दोन खोल्यांएवढा. मी त्याला वळसा घालायला निघाले तर पावलं संपेनात. हात लावून बघितला, हत्तीच्या कातड्यासारखा लागला.

पुढे एका झाडाला फांद्यांवर फूल नव्हतंच. सगळी फुलं बुंध्यातून फुटलेली, खालपासून वरपर्यंत. वास असा की मी चालता चालता थांबले. तिथला माळी, दगडू म्हणून आहे, पाला झाडत होता. त्याने खाली पडलेलं एक फूल उचलून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, "कैलासपती. आत बघा."

आत पिंड होती. वर नागाचा फणा, आणि फण्याला हजार बारीक माना, सगळ्या पिंडीकडे वाकलेल्या. मी तिथल्या तिथे हात जोडले. दगडू म्हणाला, "सगळ्या बाया असंच करतात. इकडचं झाड नाही हे, बोटीतून आणलेलं आहे. देव बोटीतून पण येतो बघा." असं म्हणून तो परत झाडायला लागला.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. घरी आले तेव्हा पहिल्या पाळीचे चौघे चहासाठी खोळंबले होते. सगळे हल्ली मुंबई कुणाला मिळणार याच्यावर भांडतात, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

फूल पदरात बांधून आणलं. देवापाशी ठेवलं तर तुझ्या बाबांनी विचारलं, कुठलं? मी म्हटलं, बाजारातलं.

माझा राग गेला असं समजू नकोस.

आई


लालबाग,
१२ डिसेंबर १९५५

चि. कौसल्येस,

काल मलबार हिलला जाऊन आले.

एवढ्या लांब जायला कारण लागतं. दाढ काढायला जाते म्हणून सांगितलं. तुझे बाबा म्हणाले, मी येऊ काय? मी म्हटलं, तुम्ही कशाला, कमळाबाई येतात. आईला खोटं बोलता येत नाही असं तू लिहिलं होतंस ना? येतं. तुझ्यापेक्षा चांगलं येतं.

बसमधून उतरल्यावर आधी हँगिंग गार्डन. हँगिंग म्हणजे लटकणारं असं कमळाबाईंनी सांगितलं होतं. मला काही लटकलेलं दिसलं नाही. बागेच्या खाली पाण्याची टाकी आहे, तिच्या डोक्यावर माती टाकून बाग केली आहे, असं तिथे कुणी सांगितलं. झुडपं कापून हत्ती केलेत, बैल केलेत, नांगर धरलेला माणूस केलाय. पाल्याचा माणूस. मी त्याच्यासमोर उभी राहिले. कोण असेल तो, जो सकाळी कात्री घेऊन येतो आणि याचं नाक नीट करतो?

मग रस्ता ओलांडून म्हातारीच्या बुटाकडे गेले. पोरं आत चढत होती, वरच्या खिडकीतून ओरडत होती. एकही मोठं माणूस आत जात नव्हतं. मी गेले. पंचेचाळीस वर्षांची बाई, लुगडं सावरत, बुटात. वरून एका मुलीने मला हात दिला.

पण तू मला ज्यासाठी पाठवलंस ते त्याच्या पुढे होतं. कठड्यापाशी गेले आणि माझे पाय थांबले.

समुद्राच्या काठी जन्मले मी. समुद्र आमच्या दारासमोर होता. त्यात बाप जायचा, भाऊ जायचे, आम्ही वाट बघायचो. मुंबईत आल्यावर चौपाटीला गणपती पोचवायला गेले तेवढाच बघितला, आणि तेव्हा लक्ष गर्दीत चपला सांभाळण्याकडे. समुद्र असा वरून कधी बघितला नव्हता. खाली आख्खी मुंबई वाकून त्याच्या कडेला बसली आहे, कुणाच्या तरी शेजारी बसावं तशी. इमारती काड्यापेटीएवढ्या. होड्या तर तांदळाच्या दाण्याएवढ्या. आणि आवाज नाही, कौसल्या. ज्या शहरात तीस वर्षं भोंग्यावर उठले, भोंग्यावर चूल पेटवली, ते शहर माझ्यासमोर पसरलं होतं आणि गप्प होतं.

मी बाकड्याच्या कडेला उभी होते. बाकड्यावर एक पारशी म्हातारी बसली होती, साडीला मोत्यांचा काठ. मला वाटलं, हिच्या शेजारी कसं बसायचं. तिने हाताने बाकडं थोपटलं. "बेसो नी बाई. बाकडा सगळ्यांचा हाय."

बसले. ती तिच्या समुद्राकडे बघत होती, मी माझ्या. तिने विचारलं नाही मी कोण, कुठली. तेव्हा माझ्या मनात आलं की तुम्ही दोघंही अशाच एखाद्या बाकड्यावर बसला असाल. दुसरीकडे कुठे बसणार होतात? आपल्या चाळीच्या जिन्यात? नायगावला त्याच्या जिन्यात?

दिवे लागेपर्यंत थांबले. थांबायला नको होतं. पण आधी एका टोकाला दिवे लागले, मग काठाने लागत पार दुसऱ्या टोकाला गेले, आणि म्हातारी म्हणाली, "रोज जोते, रोज बघते, तरी रोज नवा."

घरी पोचायला आठ वाजले. भात नव्हता. तुझ्या बाबांनी कुणालाही बोलू दिलं नाही. माझ्यासाठी लवंग आणून ठेवली होती, दाढेत धरायला.

इथलं बाकी काय लिहू. गेल्या महिन्यात फाउंटनला गोळीबार झाला, त्या दिवशी आपली सगळी माणसं मोर्चात गेली होती. मी अकरा ताटं मांडून बसले. सगळे परत आले. जेवलं कुणीच नाही.

आई


लालबाग,
४ फेब्रुवारी १९५६

चि. कौसल्येस,

कमळाबाईंनी तुझी तीन पत्रं एकदम आणून दिली. संचारबंदीत टपाल कुठे अडकलं होतं देव जाणे. आम्ही जिवंत आहोत.

पाच दिवस खाली उतरता आलं नाही. खिडकीत उभं राहायची सोय नव्हती. तांदूळ पुरेना म्हणून पेज केली, अकराच्या अकरा जण दोन खोल्यांत बसून पेज प्यायले. आपल्या नाक्यावर काय झालं ते पेपरात वाचलं असशील. मी लिहीत नाही. मागल्या चाळीतल्या रघूची आई अजून गॅलरीत येऊन त्याची वाट बघत उभी राहते.

तुझे बाबा पहिल्याच दिवशी बाहेर होते. लोक पळाले, त्यात ते गटारात पडले आणि घोटा मोडला. दोन अनोळखी पोरांनी त्यांना उचलून आणलं. आता पायाला प्लास्टर आहे. दोन महिने त्यांची गिरण बंद.

ताप चढला होता तेव्हा त्यांनी तुझं नाव काढलं. काय म्हणाले ते नंतर कधीतरी लिहीन.

ते दिवसभर घरात असतात, त्यामुळे बागा बंद. पण तुला खरं सांगते, संचारबंदीत त्या पाच दिवसांत डोळे मिटले की मला तो पाल्याचा माणूस दिसायचा. वाटायचं, त्याला पाणी कोण घालत असेल?

आई


लालबाग,
२१ मार्च १९५६

चि. सौ. कौसल्या हिस,

हे पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले. शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नकोस.

तुझ्या यादीत शेवटी माझगावची टेकडी होती. पुढे तू काहीच लिहिलं नव्हतंस, नुसतं 'इथे नक्की जा'. गेल्या सोमवारी तुझे बाबा झोपले असताना गेले. पायऱ्या पुष्कळ. उन्हाने आणि चढाने माझा जीव वर आला. वर पोचले आणि पहिल्या झाडाच्या सावलीत बसले. तिथे महापालिकेची एक बिगारी बाई गवतात बसून खुरपत होती. माझ्याएवढीच असेल. तिने माझ्याकडे बघितलं, खुरपं ठेवलं, आपला लोटा घेऊन आली आणि म्हणाली, "आधी पाणी घ्या. मग बघा काय बघायचं ते."

मी घटाघट प्यायले. ती शेजारी बसली.

मग मी समोर बघितलं. मलबार हिलवरून दिसते ती वेगळी मुंबई. ही माझी होती. एका बाजूला गोदी, क्रेनी, बोटींच्या काळ्या पाठी, त्यांच्या पलीकडे खाडी आणि निळा घारापुरीचा डोंगर. रे रोडच्या वखारीतली लाकडं काड्यांसारखी रचलेली. आणि मागे वळले तर चिमण्या, गिरण्यांच्या, जिकडे बघावं तिकडे. माझे अकरा जण त्यातल्या कुठल्या ना कुठल्या चिमणीखाली होते त्या वेळी. एवढं सगळं रोज चालतं, आणि आपण त्यात आहोत, आणि वरून ते दिसतं.

ती बाई म्हणाली, "तुम्ही बसलात ना, त्याच्या खाली पाणी आहे. टाकी. अर्ध्या मुंबईच्या नळांना जातं." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या गावाला माझी आय विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. मी अठरा वर्षं या पाण्याच्या डोक्यावर खुरपतेय. पहिलं वर्षभर मला रोज हसू यायचं."

तेव्हा मला कळलं ती कुठली. तिचा लोटा माझ्या हातात होता. लपवत नाही, कौसल्या. हात एकदा आखडला. एकदाच.

तिने ते बघितलं. म्हणाली, "नाव आधी सांगायला पाहिजे होतं. पण तुम्ही दमला होता. मी शामरावची आई, रमाबाई. तुमच्या कौसल्येची सासू."

मी तिच्याकडे बघितलं. मग विचारलं, मी कोण ते तुम्हाला कसं कळलं?

"चढ चढून आल्यावर कौसल्या अशीच पदराने मानेचा घाम टिपायची, पाठून पुढे. तुम्ही वर आलात आणि मला वाटलं, तीच आली."

म्हणजे दोन वर्षं तू तिच्यासमोर बसत होतीस. मला वाटत होतं तुम्ही कुठे तरी चोरून, एकटे. आणि ती बाई दहा हातांवर खुरपत होती. तिने तुम्हाला आपल्या डब्यातली भाकरी दिली, पाऊस आला तर आपल्या अवजारांच्या खोलीत उभं केलं. तिला सगळं माहीत होतं आणि तुझ्या आईला काही नाही. त्या वेळी मला जे वाटलं त्याला राग म्हणत नाहीत. मी तिथे बसून रडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. परत खुरपायला गेली आणि मी शांत झाल्यावर आली. मला ते बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "पोरीच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. ती मला म्हणाली, बापाने कडी लावली असेल, आई बिचारी आत रडत असेल."

हे ऐकल्यापासून घास उतरत नाही.

तुम्ही पाया पडायला आलात तेव्हा तुझे बाबा घरात नव्हते. त्या आठवड्यात त्यांची दिवसपाळी होती, ते गिरणीत होते. मी एकटी पीठ मळत होते. तुझी पावलं मी जिन्यावरच ओळखली. शेजारची दारं उघडल्याचं ऐकू आलं आणि मी उठून कडी लावली. तू 'आई' म्हणून दोनदा हाक मारलीस. मी स्टोव्हला पंप मारत बसले, हाक ऐकू येऊ नये म्हणून. संध्याकाळी ते आले, विचारलं, कुणी आलं होतं काय? मी म्हटलं, नाही.

तापात ते म्हणाले होते, पोरगी बापाच्या पाया पडायलाही आली नाही. नऊ महिने त्यांच्या मनात तेवढंच आहे.

दार मी लावलं, कौसल्या. आता तू काय ते बोल.

आई


लालबाग,
३० एप्रिल १९५६

चि. सौ. कौसल्या हिस आशीर्वाद,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ होती, 'आई, बाबांना सांग.' पुढेमागे काही नाही. मी ते कार्ड पंधरा दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. रोज तांदूळ काढताना ते हाताला लागायचं.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, चालवा, मोकळ्या हवेत न्या. आधी त्यांना माटुंग्याच्या पाच बागांत नेलं, तिथे जमीन सपाट. ते बाकड्यावर बसून राहिले, बागेत रिकामं बसायची त्यांना लाज वाटत होती. कुणी ओळखीचं बघेल म्हणून टोपी पुढे ओढून घेतली. मग आठ दिवसांपूर्वी, रविवारी, माझगावला नेलं. पायऱ्या एकेक करून चढलो. रमाबाईंची सुट्टी होती. मी मुद्दामच तो दिवस धरला.

वर आल्यावर मी त्यांना समुद्र दाखवत होते, पण ते पाठ फिरवून उभे राहिले. चिमण्या मोजत होते. बोटाने एकेक करून, नाव घेत. रविवार म्हणून धूर नव्हता, सगळं स्वच्छ दिसत होतं. मग एका ठिकाणी बोट थांबलं.

"ती आमची गिरण?"

मी म्हटलं, असेल.

"इतकीशी?" ते किती तरी वेळ तिच्याकडे बघत होते. "तीस वर्सां मी थंय आत होतंय. बाहेरसून कशी दिसता, माका म्हायतच नव्हता."

त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नापासून कधी बघितलं नव्हतं. देवळात पहिल्यांदा आत सोडलेल्या माणसासारखे दिसत होते. त्यांनी टोपी काढली. बाकड्यावर बसले, पाय लांब केला. माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या तुका कोणी दाखवला?"

मी म्हटलं, कौसल्येने. आणि मग सगळं सांगितलं. क्लास, बागा, दाढ, रमाबाई, दार. खाली बघून सांगितलं. बोटीचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत मी थांबले आणि पुढे सांगितलं.

शेवटी ते म्हणाले, "चेडू दारात इलेलां? कौसल्या?"

हो.

"आणि तू माका सांगूक नाय."

नाही.

मग विचारलं, "किती येळ उभां होतां?"

मी म्हटलं, स्टोव्हवरचं आधण येईपर्यंत.

ते उठले. मी हात पुढे केला, तो घेतला नाही. काठी टेकत सगळ्या पायऱ्या एकटे उतरले. मी मागून.

तेव्हापासून माझ्याशी बोलले नाहीत. जेवतात, पान उचलतात, झोपतात. मी केलं त्याला हे कमीच आहे. पण तुझी ओळ मी पाळली, एवढं तुला कळावं.

आई


लालबाग,
१९ ऑगस्ट १९५६

चि. सौ. कौसल्या हिस अनेक आशीर्वाद,

डोहाळ्यांचं वाचलं. आंबट खा, पण कच्ची चिंच नको. शामरावांना सांग, पाण्याचा हंडा तुला उचलू देऊ नका. इकडे असतीस तर, असं लिहिणार होते. खोडलं.

बाबा कामाला लागले. घरात अजून फारसं बोलत नाहीत. दर रविवारी सकाळी टोपी घालून जातात, दुपारी येतात. मला वाटायचं समितीच्या सभांना जातात. हल्ली सगळी चाळच जाते.

परवा रमाबाईंकडे गेले. आम्ही आता महिन्यातून एकदा भेटतो, भाकरी माझी, कालवण त्यांचं. त्या म्हणाल्या, "सांगू की नको, कळत नाही. तुमचे धनी दर रविवारी इकडे येतात."

कौसल्या, ते मे महिन्यापासून तिथे जात आहेत. रविवारी सुट्टी असून रमाबाई आता त्यांच्यासाठी म्हणून येतात. पहिल्या रविवारी रमाबाई बदली कामावर होत्या, ते बाकड्यावर नुसते तासभर बसले. दुसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "ती खंय बसायची?" रमाबाईंनी जागा दाखवली. तिथे एक चाफा आहे, त्याच्याखाली. तेव्हापासून ते तिथेच बसतात. तू काय बोलायचीस, कशाला हसायचीस, पावसात भिजलीस तेव्हा काय झालं, एकेक विचारतात. रमाबाई सांगतात. संपलं की उठतात, नळी घेऊन त्या चाफ्याला पाणी घालतात आणि निघतात. पाऊस पडत असला तरी घालतात. रमाबाई म्हणाल्या, "मी कशी नाही म्हणू?"

मी हे त्यांना कळू दिलेलं नाही. रविवारसाठी त्यांचा सदरा धुऊन ठेवते.

आई


लालबाग,
११ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. कौसल्या व चि. शामराव यांना अनेक आशीर्वाद,

दसऱ्याला नागपुरात तुमचा मोठा सोहळा आहे, बाबासाहेब धम्म घेणार, हे आता इथे सगळ्यांना माहीत आहे. नायगावातून, डिलाईल रोडवरून माणसं निघाली आहेत. कुणी भांडी विकली, कुणी बायकोच्या कानातलं. रमाबाईंनी पांढरं लुगडं घेतलं. परवा त्या मला दाखवायला आपल्या चाळीत आल्या. हो, आपल्या चाळीत, जिना चढून. दारं उघडली. मी बाहेर जाऊन त्यांचा हात धरून आत आणलं आणि चुलीपाशी पाट दिला. तेव्हा बाबा घरात होते.

त्यांनी लुगडं बघितलं. मग रमाबाईंना म्हणाले, "एवढ्या लांब एकट्या कशा जाणार? मी पोचवायला येतो."

त्या हसल्या. "धोंडूभाऊ, आमची दोनशे माणसं आहेत गाडीला. मला सोबत कशाला?"

आमचे अकरा जण जेवत होते, सगळ्यांचे हात थांबले. मग बाबा म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर मला सोबत करा."

रमाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "विहीणबाई, यांच्यासाठी चार भाकऱ्या जास्त बांधा."

काल त्यांनी गिरणीतून रजा घेतली. आज सकाळपासून तीनदा दाढी केली. माझ्याशी बोलले. विचारलं, तिला काय नेऊ? मी म्हटलं, काही नको. तरी बाजारात जाऊन आले आणि कोकमं, कुळीथ, सुकट असं सगळं घेऊन आले, तुला तिथे काही खायला मिळत नसल्यासारखं. एका पुडीत माती आहे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, चाफ्याची फांदी खोचून. ती त्यांनी रमाबाईंना विचारून कापली. नागपूरच्या उन्हात जगते की नाही ते शामराव बघतील.

मी येत नाही. अकरा माणसांची चूल सोडून येता येत नाही, आणि पहिल्यांदा त्यांनीच यावं असं मला वाटतं. बाळंतपणाला मी येईन, तू बोलावलंस तर.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. तुझ्या हातात ज्यांनी दिलं ते तुझे बाबा आहेत. तू वाचून संपेपर्यंत ते काही बोलणार नाहीत, उभेच राहतील. वाचणं पुरे कर आता. त्यांना बसायला सांग.

आई